आजार गायीचा, खातं वळूचं

2022च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पीची लागण दिसली आणि काही आठवड्यांतच राज्यभरातले गुरांचे बाजार बंद पडले, जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यालाही त्याची झळ बसली. शेवगावसारख्या तालुक्यात कापूस आणि तूर वर्षातून एकदाच पैसा देतात. दुधाचा पैसा मात्र दर दहा दिवसांनी हातात पडतो आणि घर त्यावर चालतं. अशा ठिकाणी गोठ्यातली साथ थेट चुलीपर्यंत पोचते. त्या दिवसांत पारावर, दूध संकलन केंद्रावर एकच वाद रंगायचा. एक म्हणायचा, गावरान गाय टिकते, ही जर्सीच कचखाऊ. दुसरा म्हणायचा, माझी गावरान कालवडच गेली, जर्सी बघा कशी उभी आहे. दोघांकडेही उदाहरणं होती आणि दोघांचीही खरी होती. एकाच गोठ्यात एकीच्या अंगभर गाठी आणि शेजारच्या खुंट्यावरची दुसरी कोरी, हे चित्र त्या वर्षी दुर्मीळ नव्हतं. प्रयोगशाळेत मुद्दाम लागण केलेल्या जनावरांतही सगळ्यांच्याच अंगावर गाठी उठत नाहीत. फरक दोन जातींत असतो तसाच एका जातीतल्या दोन गायींतही असतो, आणि पैदाशीच्या दृष्टीने हा दुसरा फरकच जास्त कामाचा आहे. तो आपल्याला वापरता येत नाही, कारण कोणत्या वळूच्या लेकी कमी आजारी पडतात हे कुठेही लिहिलेलं नाही.

आधी जातीचा मुद्दा पाहू, कारण त्यात तथ्य आहे. मणिभाई देसाईंनी 1967मध्ये उरुळी कांचनला ‘बायफ’ची स्थापना केली आणि विदेशी वळूंची गोठवलेली रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारात पोचवण्याची व्यवस्था उभी केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांतून ‘फुले त्रिवेणी’ घडवली. तिच्यात निम्मं रक्त होल्स्टिनचं, पाव जर्सीचं आणि पाव गीरचं. गीरचा तो पाव हिस्सा मुद्दाम राखला होता. आपल्या ऊन-गोचिडात गाय तगायची तर तो हवाच, असा त्यामागचा विचार. गावागावांतल्या रेतनाने मात्र हा हिशोब पाळला नाही. दूध वाढतंय म्हटल्यावर संकरित गायीला पुन्हा होल्स्टिनच्या वीर्याची कांडी, तिच्या कालवडीलाही होल्स्टिनचीच, असं करत करत तो पाव हिस्सा पातळ होत गेला. 2019च्या पशुगणनेत देशातली विदेशी आणि संकरित गुरं पाच कोटींच्या वर गेली आणि देशी गुरं आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटली. अहिल्यानगर हा राज्यातला दुधाचा आघाडीचा जिल्हा झाला तो या संकरित गायींवर. त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही.

पण त्याची किंमत गोचीड तापाने वसूल केली. थायलेरिया नावाचा परजीवी गोचिडाच्या चाव्यातून अंगात शिरतो, पांढऱ्या पेशींत घर करतो आणि त्या पेशींना बेसुमार वाढायला लावतो. लसिकाग्रंथी सुजतात, ताप चढतो, पुढे रक्त कमी होऊन गाय आडवी पडते. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी होल्स्टिन आणि देशी साहिवाल वासरांना हीच लागण एकाच वेळी करून पाहिली. होल्स्टिन वासरं गंभीर आजारी पडली, साहिवाल वासरांचं थोडक्यात निभावलं. गंमत अशी की साहिवालच्या अंगात परजीवी शिरलाच नाही असं नव्हतं; दाह कुठे थांबवायचा हे त्यांच्या शरीराला जमत होतं. ज्या प्रदेशात हा रोग शतकानुशतकं नांदला, तिथे ज्यांना हे जमलं नाही ती जनावरं वंश न ठेवता गेली. देशी जातीचा काटकपणा म्हणजे एवढंच: पूर्वीच्या मरणांनी करून ठेवलेली निवड.

म्हणूनच हा काटकपणा कायमचा नाही. आज गीरचं वेड आहे, आणि गीर वळू निवडले जातात ते आईच्या दुधावर. दहा-पंधरा पिढ्या फक्त दूध पाहून, गोचीडमुक्त सिमेंटच्या गोठ्यात औषधं देत निवड केली, तर गीरचा काटकपणाही ढिला पडेल. होल्स्टिनबाबत युरोप-अमेरिकेत वेगळं काही घडलं नव्हतं. उलट दिशेचा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेने 1950च्या दशकात पाकिस्तानातून साहिवाल आणि लाल सिंधी गुरं नेली, जर्सीशी त्यांचा संकर केला आणि त्या संततीला गोचिडांना मुद्दाम सामोरं ठेवून, अंगावर गोचीड किती टिकतात ते मोजून निवड केली. दूधही पाहिलं. त्यातून ‘ऑस्ट्रेलियन मिल्किंग झीबू’ ही जात घडली. तिचा बोलबाला फार झाला नाही हे खरं, पण संकरित रक्तातही गोचिडाला दाद न देणं निवडीने आणता येतं हे तिने दाखवलं. देशी की संकरित हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. निवड कशावर केली, हा खरा प्रश्न.

एकच वळू हजारो गोठ्यांत पोचण्याची ताकद कृत्रिम रेतनात आहे, आणि ती दोन्हीकडे चालते. अमेरिकेत ऑसबॉर्नडेल आयव्हॅन्हो नावाचा नावाजलेला होल्स्टिन वळू होता. त्याच्या लेकी उत्तम, म्हणून त्याचं वीर्य आणि त्याच्या मुलांचं वीर्य जगभर गेलं. त्याबरोबर एक छुपा दोषही गेला: ज्या वासराला तो आईबापाकडून दोन्ही बाजूंनी मिळे, त्याच्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचूच शकत नसत आणि ते न्यूमोनियाने, हगवणीने मरे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्यामागचा नेमका बदल सापडला आणि मग वळूंची तपासणी सुरू झाली. आपल्याकडेही आता वीर्यकेंद्रात घेण्याआधी वळूची या दोषासाठी चाचणी होते. ही चाचणी शक्य झाली कारण दोष एकाच जनुकात आहे. कासदाह, गोचीड, जंत यांना तोंड देण्याची ताकद अशी एका ठिकाणी बसलेली नसते. ती शेकडो जनुकांत वाटलेली असते, आणि तिथे रक्ताचा एक थेंब तपासून भागत नाही.

इथे नॉर्वेकडे जरा थांबून पाहावं लागतं. कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, हा दुभत्या गायीचा जगभरातला सगळ्यात खर्चिक आजार. त्याची आनुवंशिकता फार कमी, जेमतेम तीन टक्के. म्हणजे शंभर गायींमध्ये दगडीबाबत जो फरक दिसतो त्यातला तीन टक्केच रक्ताचा. बाकीचा चिखलाचा, धार काढणाऱ्या हाताचा, गोठ्याचा आणि नशिबाचा. एवढ्याशा आकड्यावर पैदास काय करणार, असं म्हणून बहुतेक देशांनी तो विषय सोडून दिला होता. नॉर्वेने 1975पासून देशभर प्रत्येक गायीचं आरोग्यपत्रक ठेवलं. तिथे प्रतिजैविकं पशुवैद्यच देतो, त्यामुळे उपचार झाला की नोंद आपोआप होते. 1978पासून कासदाह वळूच्या गुणांकनात आला आणि पुढे त्याला दुधाच्या जवळपास बरोबरीचं वजन मिळालं. युक्ती सरळ आहे. एका गायीचं आजारपण जवळजवळ काहीच सांगत नाही. पण एका वळूच्या दोन-अडीचशे लेकी दोन-अडीचशे वेगवेगळ्या गोठ्यांत असल्या, तर त्यातला चिखल आणि हात सरासरीत एकमेकांना छेद देतात आणि मागे उरतो तो बापाचा वाटा. तिथल्या एका दीर्घ प्रयोगात एक गट फक्त दुधातल्या प्रथिनांसाठी आणि दुसरा फक्त कमी कासदाहासाठी निवडला. पाच पिढ्यांत दोन्ही गटांतल्या कासदाहाच्या प्रमाणात सुमारे दहा टक्क्यांचं अंतर पडलं. तीन टक्के आनुवंशिकतेवर हे झालं. एकूण देशातही 1990च्या दशकाच्या मध्यानंतर कासदाह निम्म्याच्या आसपास आला. त्यातलं सगळं श्रेय पैदाशीचं नाही, गोठेही सुधारले. पण पैदाशीने मिळालेला हिस्सा दर वर्षी नव्याने विकत घ्यावा लागत नाही.

यावर पहिली हरकत ठरलेली: तिकडचे मोठे शेतकरी, आपल्याकडे तीन-चार गायींचा धनी. तर ज्या काळात हे काम उभं राहिलं तेव्हा नॉर्वेतले गोठे दहा-वीस गायींचे होते, आणि पैदाशीची संस्था शेतकऱ्यांच्याच मालकीची, सहकारी होती, आजही आहे. 1950मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. गोठा लहान असणं इथे आड येत नाही, उलट मदतच करतं. एकाच वळूच्या पन्नास लेकी एका मोठ्या फार्मवर असल्या तर त्या फार्मचा चिखल सगळ्यांनाच लागतो. त्याच लेकी शेवगाव तालुक्यात दहिगाव-नेपासून बोधेगावपर्यंत, जायकवाडीच्या फुगवट्याकडच्या उसाच्या पट्ट्यापासून पाथर्डीकडच्या कोरडवाहू माळापर्यंत पसरल्या असल्या तर वळूची परीक्षा जास्त चोख होते. तीन गायींच्या धन्याला निवड करायची नसते, फक्त नोंद द्यायची असते. निवड वीर्यकेंद्रावर होते.

आपल्या मुलखातलं या विषयावरचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र गायीचं नाही, मेंढीचं आहे आणि ते फलटणला घडलं. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली गरोळे मेंढी आणली ती जुळ्यांसाठी. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते; गरोळेत एक जनुक आहे, ज्याने दोन-दोन, कधी तीन होतात. 1990च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाच्या मदतीने, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला बरोबर घेऊन जो प्रकल्प उभा राहिला, त्याच्या नावातच जुळी आणि जंत दोन्ही होते: भरपूर विणारी, जंतांना तोंड देणारी मांसाची मेंढी. पावसाळ्यात गवताच्या पात्यावरून पोटात जाणारा, जठराला चिकटून रक्त पिणारा जंत मेंढपाळाला नावाने ठाऊक नसला तरी लक्षणांनी ठाऊक असतो: डोळ्याची पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं, कोकरू मागे रेंगाळतं. दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांच्या कोकरांची गरोळेशी केलेल्या संकराशी तुलना केली, लेंड्यांतली जंतांची अंडी मोजली, तेव्हा गरोळेच्या रक्ताची कोकरं जंतांना तोंड देण्यात सरस ठरली. दलदलीच्या, सदा ओल्या प्रदेशात वाढलेल्या जातीकडून हेच अपेक्षित होतं.

पण गरोळे अगदी लहान चणीची. तिचा संकरही लहान, आणि बाजारात बोकड-मेंढा विकला जातो अंगावर. मेंढपाळ लहान कोकरू घेणार नाही, म्हणून संकराला पुन्हा दख्खनीशी, त्या संततीला पुन्हा दख्खनीशी जुळवत नेलं. जुळ्यांचं जनुक एकटं असल्याने रक्त तपासून प्रत्येक पिढीत ते उचलता आलं, आणि त्यातून ‘सुवर्णा’ मेंढी उभी राहिली. आज मेंढपाळांच्या वाड्यांवर ती आहे. जंतांशी झुंजण्याची ताकद मात्र अनेक जनुकांत विखुरलेली. दर पिढीला गरोळेचं रक्त निम्मं होणार तसा तिचा वाटाही निम्मा होत जाणार, हे आनुवंशिकतेच्या साध्या गणितातच आहे. ती राखायची तर प्रत्येक पिढीत लेंड्या तपासून, अंडी मोजून, जंतांना दाद न देणारे नर निवडावे लागतात. कामाच्या लोकांनी नीट आखलेला प्रकल्प होता, तरी मोजायला सोपं होतं ते हाती राहिलं आणि मोजायला किचकट होतं ते राखणं अवघड झालं. चांगलं रक्त आणणं हे या कामातलं सोपं अर्धं आहे.

आता लशीची हरकत, आणि ती खरोखर वजनदार आहे. बुळकांडीने एकेकाळी गावंच्या गावं ओस पाडली. 2011मध्ये तो रोग जगातून गेला तो लशीने, पैदाशीने नव्हे. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपातासाठी 2019पासून देशभर लसीकरणाचा कार्यक्रम चालू आहे. लम्पीतही शेळ्यांच्या देवीची लस हाताशी होती म्हणून बरंच निभावलं. झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूपुढे पिढ्यान्‌पिढ्या चालणारी पैदास हे उत्तर असूच शकत नाही. मी लम्पीपासून सुरुवात केली असली तरी तिच्यावर उपाय म्हणून पैदास सुचवणं चुकीचं ठरेल. पैदाशीचं क्षेत्र वेगळं आहे: जे आजार रोज थोडं थोडं खातात आणि ज्यांच्यावर औषधाचा जोर ओसरत चालला आहे, ते. गोचिडाची औषधं देशात अनेक ठिकाणी निकामी होऊ लागल्याच्या नोंदी आहेत, मेंढ्यांच्या जंतांचं तेच. गोचीड तापाची लस आहे, पण ती जिवंत पेशींची, अतिथंड साठवणीतून आणावी लागते. बोधेगावपर्यंत ती त्याच अवस्थेत पोचवणं हे रेतमात्रा पोचवण्याइतकंच जोखमीचं. दगडीसाठी विसंबून राहावं अशी लस नाही. आणि दगडीच्या गायीला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधातून कुठवर जातो, हा प्रश्न शहरातल्या ग्राहकाचाही आहे.

दूध कमी होईल, ही तिसरी हरकत. ती खोटी नाही. जास्त दूध आणि जास्त कासदाह यांची जनुकं काही प्रमाणात एकत्र चालतात, त्यामुळे दोन्हींवर निवड केली तर दुधाची वाढ थोडी मंदावते. मंदावते, थांबत नाही. नॉर्वेची लाल गाय आज काही कमी दुधाची नाही. आणि आपला शेतकरी गायीचा हिशोब करतो तो सकाळ-संध्याकाळच्या लिटरवर. डॉक्टरची फी, औषधं, फेकून दिलेलं दूध, एक सड गेलेली कास, तिसऱ्या वेतातच विकावी लागलेली गाय हे त्या हिशोबात कुठेच नसतं. 2018-19च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या. छावणीत उसाच्या वाढ्यांवर काढलेल्या दिवसांत पंचवीस लिटरची गाय आणि चौदा लिटरची गाय यांच्यातलं अंतर किती उरलं असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

चौथी अडचण खास आपली. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी 1976च्या कायद्याने गायीपुरती होती; 2015च्या दुरुस्तीने ती बैल-वळूंपर्यंत गेली. वारंवार आजारी पडणारी गाय त्यामुळे कळपातून कमी होत नाही, ती घोडेगावच्या गुरांच्या बाजारात जाते आणि दुसऱ्या गावात विते. कायदा बरा की वाईट, हा वेगळा वाद. पैदाशीपुरता त्याचा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. एक गाय आयुष्यात चार-सहा वासरं देते, एक वळू वर्षाला हजारो रेतमात्रा. गाय काढायची गरज नाही. ज्या वळूच्या लेकी आजारी पडतात त्याच्या कांड्या भरणं थांबवलं की झालं.

राहिलं तंत्रज्ञान. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिम जिल्ह्यात पंतप्रधानांनी ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’चं लोकार्पण केलं. रक्ताच्या नमुन्यावरून जनावराच्या जनुकांची हजारो ठिकाणं वाचणारी ही चिप मोठं साधन आहे. वळूच्या लेकी व्यायची वाट न पाहता तो लहान असतानाच त्याच्याबद्दल अंदाज बांधता येतो. पण हा अंदाज येतो कुठून? ज्या हजारो गायींची जनुकंही वाचली आहेत आणि आजारही नोंदले आहेत, त्यांच्यावरून. दुधाची नोंद आहे, म्हणून चिप दुधाचं सांगेल. आजाराचा रकाना कोरा असेल तर त्याबद्दल ती गप्प राहील. अमेरिकेत 2025मध्ये जनुक बदलून एका विषाणूपासून सुरक्षित केलेल्या डुकरांना मान्यता मिळाली. एकाच जनुकात कुलूप असलेल्या रोगाला ते लागू पडतं, दगडीला नाही.

तो रकाना भरायची साधनं शेवगावात आजही आहेत, विखुरलेली. गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. 2024मध्ये दुधाच्या अनुदानासाठी तो सक्तीचा झाला तेव्हा घाईने बसला. कोणती कांडी भरली ते ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदणी प्रणालीवर चढवता येतं. गावातला खासगी डॉक्टर उपचार करतो, पण त्याची चिठ्ठी बिल्ल्याच्या क्रमांकाशी जोडली जात नाही. दूध केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजतात. दुधातल्या पांढऱ्या पेशी मोजत नाहीत, आणि छुपी दगडी तर त्यांतूनच दिसते. युरोपात मिलिलिटरला चार लाखांच्या वर पेशी असलेलं दूध स्वीकारलं जात नाही. या पेशींच्या मोजणीची आनुवंशिकता कासदाहापेक्षा कितीतरी जास्त, दहा-पंधरा टक्के, म्हणजे लेकी कमी लागतात. अडचण एवढीच की कॅनमध्ये तिन्ही गायींचं दूध एकत्र येतं. महिन्यातून एकदा प्रत्येक गायीचा वेगळा नमुना घ्यावा लागेल आणि त्याचे पैसे कुणीतरी मोजावे लागतील. ते दूध संघाने मोजावेत हे मला रास्त वाटतं, कारण पेशी कमी असलेल्या दुधाचं पनीर-चीज जास्त उतरतं. दहिगाव-नेला कृषी विज्ञान केंद्र आहे. तालुकाभर पसरलेल्या पाच-सहा वळूंच्या लेकींपासून हे सुरू करणं त्याच्या आवाक्यातलं आहे. मेंढपाळांना तर प्रयोगशाळाही नको: दक्षिण आफ्रिकेत निघालेलं पापणीच्या रंगाचं कार्ड आहे, त्यावर पांढरी दिसेल त्याच मेंढीला औषध पाजायचं आणि ज्या मेंढ्याची कोकरं सारखी पांढरी पडतात तो पैदाशीला ठेवायचा नाही.

आज भरलेल्या कांडीची कालवड व्यायला तीन-साडेतीन वर्षं लागतात, आणि तिच्या पहिल्या वेताची नोंद हाती येईपर्यंत आणखी एक. म्हणजे या वर्षी वापरात असलेल्या वळूंबद्दल पहिलं खात्रीचं मत चार-पाच वर्षांनी मिळेल. तोवर त्यांचं वीर्य द्रवनत्रात टिकतं. नॉर्वेतही तरुण वळूच्या थोड्या मात्रा आधी वाटायच्या, बाकीच्या साठवायच्या आणि लेकींचा निकाल आल्यावरच त्या वाटायच्या की फेकायच्या हे ठरवायचे.